आईचा कोहळा

आई, तुझं ते कोहळ्याचं चित्र मी परवा प्रदर्शनात लावलं. तू जाऊन इतकी वर्षं झाली, आता रागावलीस तरी करणार काय आहेस? दादाचा पुण्याहून फोन आला होता, ‘आईची चारचौघांत शोभा करू नकोस.’ मी म्हटलं, आई माझीही होती. त्यानं फोन ठेवला. ठेवू दे.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी सरांनी सांगितलं होतं, घरातलं एक माणूस काढा, पण त्याचा चेहरा काढायचा नाही. त्याच्या जागी एखादी वस्तू काढा, आणि बघणाऱ्याला माणूस कळला पाहिजे. वर्गातल्या निम्म्या आया समया झाल्या, उरलेल्या कमळं. मला चीड यायची. मी तुला कुकर करून पाहिलं, शिवणयंत्र करून पाहिलं, तुळस तर स्वतःच फाडून टाकली. त्यात तू कुठेच नव्हतीस. मग एका दुपारी आवडीच्या रेल्वे स्टेशनवरून घरी येते आहे, आणि बाबांच्या फॅक्टरीच्या क्वार्टर्सच्या फाटकाबाहेर एका नव्या घराला कोहळा टांगलेला दिसतो. इकडे तमिळ मुलखात त्यावर राक्षसाचं तोंड रंगवतात, बटबटीत डोळे, मिशा, बाहेर काढलेली लाल जीभ. येणाऱ्याची वाईट नजर आधी त्याच्यावर पडावी, घराला लागू नये म्हणून. पुढे येऊन बघते तर आपल्या दारात तू उभी, कमरेवर हात. समोर शेजारच्या तमिळ मामी विचारतायत, तुमची मुलगी कॉलेजात कपडे न घातलेली माणसं काढते म्हणे? तू तुझ्या सातारी वळणाच्या तमिळमध्ये म्हणालीस, ‘आमा, हो, काढते. तुमचं काढून हवंय का?’ मामी गेल्या. आणि आत आल्यावर तू मलाच झापलंस, की असली माणसं काढतेस ते घरात आधी सांगायला काय झालं होतं.

चित्र घरी आणलं तेव्हा तू पोळ्या लाटत होतीस. हात पुसून आलीस आणि बराच वेळ बघत राहिलीस.

‘ही मी?’

‘हो.’

‘मला मिशा आहेत?’

मी समजावायला लागले तर म्हणालीस, ‘लोक आवळा देऊन कोहळा काढतात, तू आईचाच कोहळा काढलास. अगं, देवानं मला बरं रूप दिलंय. उद्या मी गेल्यावर लोकांनी काय बघायचं? बाई कशी दिसायची, तर अशी?’ चित्र कपाटामागे गेलं, तोंड भिंतीकडे करून. बाबा गालात हसले, म्हणून त्या दिवशी त्यांच्या पोळीला तूप लागलं नाही.

तर आता ऐक. मी तेव्हा माघार घेतली नाही आणि आजही घेणार नाही. छान दिसणाऱ्या बायका टी. नगरच्या साड्यांच्या दुकानांत पैशाला पासरी मिळतात. सगळ्यांची बोलणी दारातच स्वतःवर घेणारी दुसरी बाई मला भेटली नाही. सासरचे, शेजारचे, बाबांच्या फॅक्टरीतले, जो कोणी माझ्यावर बोट ठेवायला यायचा त्याला आधी तू भेटायचीस. म्हणून मी चित्रं काढत राहू शकले. हे सगळं तुझ्या चेहऱ्यात मावलं नसतं, आई, कितीही सुंदर काढला असता तरी. आता मी शिकवते, आणि माझ्या वर्गातल्या मुलींनाही हेच सांगते, आईला आवडो न आवडो, खरं असेल ते काढा.

हे दादाला सांगणार नाही, आणि हा कागदही कुठे जायचा नाही, म्हणून सांगते. प्रदर्शनात एक तरुण जोडपं तुझ्यासमोर थांबलं. मुलानं कोहळ्यासारखी जीभ बाहेर काढून शेजारी सेल्फी घेतला, दोघं खूप हसले. मी तरातरा गेले. कोहळा म्हणजे काय, चेहरा का नाही, हे त्यांना सांगायला हवं होतं, जन्मभर तेच तर सांगत आले. ‘ही माझी आई आहे,’ एवढंच म्हटलं. मुलगा ओशाळला, सॉरी मॅडम म्हणाला. तिथेच सोडायचं. पण मी पर्समधून मोबाइल काढला, तुझा फोटो शोधला आणि दोघांच्या समोर धरला.

‘अशी दिसायची,’ म्हटलं. ‘नीट बघा.’