हात पाठीमागे

१८ मे, रविवार

योगिता हो म्हणाली. सुटले बाई!

पिलाटेसच्या परीक्षेला आपलं माणूस आपणच न्यायचं असतं. परीक्षक बाई बाहेरून येणार, त्यांच्यासमोर त्या माणसाला व्यायाम शिकवून दाखवायचा. शेजारच्या सरलाबाईला विचारलं तर म्हणते कशी — "त्या सरकत्या खाटेवर? नको बाई, माझी तिरडी आत्ताच कशाला बांधतेस!" मग सुनेलाच विचारलं. भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "हो आई." एका दमात. दुसऱ्या कुणाची सून असती तर दहादा विनवावं लागलं असतं.

आखाजीच्या सणाला, अक्षय्य तृतीयेला, माहेरी जाऊन आल्यापासून गप्पगप्पच आहे. चार दिवस जास्तीचे राहिली, तरी जीव भरला नसेल.

परीक्षा २२ जूनला.

२० मे

शहराच्या दुसऱ्या टोकाला, वेसूच्या स्टुडिओत माझ्याबरोबर शिकायला ज्या पोरी आहेत, त्या चवळीच्या शेंगा. मी अठ्ठावन्नची, सुकलेला दोडका! मशीनला रिफॉर्मर म्हणतात. खाटेएवढी लाकडी चौकट, मधली गादी चाकांवर मागेपुढे सरकते, खाली स्प्रिंगा. लाल जड, निळी मधली, पिवळी हलकी. माणूस बघून कुठली लावायची ते ठरवायचं.

आज लाल अडकवताना बोट घसरलं. खण्णकन् आवाज! सगळ्या वळून बघायला लागल्या. मी हसले. पण मशीनवर कुणी असतं म्हणजे?

इंग्रजी नावं रिक्षात घोकत येते. घरी लिंबायतला पोचेपर्यंत अर्धी उडालेली असतात.

२४ मे

आमची शिकवणारी चंचलबेन, मला गुजरातीत माशी म्हणजे मावशी म्हणते, आज पुन्हा ओरडली — "माशी, हाथ पाछळ! मुंह से सिखाओ, हाथ से नहीं!"

काय करू? उभा जन्म बाळंतिणींना मालीश करण्यात गेला. बाई आडवी दिसली की माझे हात आपोआप जातात. कुठे आखडलंय ते हाताला कळतं, तोंडाला सांगता येत नाही. इथे मात्र शब्दांनीच माणूस हलवायचं. शेवटी दोन्ही हात मागे नेऊन पदराच्या टोकाने बांधून घेतले. पोरी खो-खो हसल्या. मीही हसले, पण मग तोंडातून शब्दच फुटेना.

चंचलबेनच्या बाळंतपणात मालीश मीच केलेली, म्हणून तिचा माझ्यावर जीव. तीच म्हणाली, माशी, तमे शीखो. पास झाले तर वयस्कर बायकांची बॅच माझी. आता बाळंतिणीच्या घरचं बोलावणं येत नाही, आणि मनगटंही संपावर गेलीत. ही बॅच मिळाली नाही तर मी घरात बसून काय, वाटाणे सोलू?

२९ मे, गुरुवार

योगिताला पहिल्यांदा मशीनवर घेतलं. पोर तशी तगडी आहे, म्हणून लाल स्प्रिंगा लावल्या. पट्ट्या हातात, पाय उचललेले, पोट आत. माझे हात पाठीमागे! एकदाही सुटले नाहीत.

चंचलबेन सांगते, शिकवताना समोरच्याला हुरूप येईल असं बोलावं. मी म्हटलं, "लाव जोर पोरी! पोट असं घट्ट झालं ना, की दुसऱ्या वेळी कळा सोप्या जातील!"

तिने डोळे मिटून घेतले. वरच्या ओठावर घाम. मला वाटलं, वा, व्यायाम बरोबर जागी लागला!

परत येताना रिक्षात पोटाशी हात धरून बसली होती. घरी आल्यावर हिंगाचं पाणी दिलं. सवय नाही, दुसरं काय.

१ जून

स्वप्नात स्प्रिंग तुटली. दात कुणाचे पडले ते आठवत नाही.

५ जून

घरात स्टूल आडवं टाकून सराव करत होते. आमचे हे दारातून बघत उभे — "हाई काय करी ऱ्हायनी तू?" म्हटलं, पोटाचा व्यायाम. म्हणाले, "पोट कुठे आहे त्यात, ते आधी शोध." गिरणीतून निवृत्त झाल्यापासून जिभेला फार धार आलीय.

नात स्नेहा माझ्या पाठीवर चढून बसली. मी आपलं सहज म्हटलं, "आता तुझा भाऊ आला की त्यालापण असंच घोडा घोडा." आपल्या घरात बोलण्यासारखंच ना हे? पण मुलगा योगेश ताटावरून एकदम — "आई, पुरे ना तो विषय!" योगिता उठून मोरीकडे गेली. भांडी सगळी घासलेलीच होती.

मी काय वाईट बोलले? नात चार वर्षांची झाली. आजी नाही बोलणार तर कोण बोलणार? पण दिवसभर घास गोड लागला नाही.

८ जून, रविवार

आज चंचलबेनने रंगीत तालीम घेतली आणि मी दाणकन् आपटले! योगिताला मशीनवर घेतलं, स्प्रिंग लावली, आणि चंचलबेन म्हणाली, "माशी, बंद करो. सवाल कहाँ है?"

सुरू करण्याआधी समोरच्याला विचारायचं असतं. कुठे दुखतं का, ऑपरेशन झालंय का, दिवस गेलेत का. न विचारता हात घातला तर तिथल्या तिथे नापास! मी म्हटलं, अगं घरची सून आहे. तिचं काय आहे काय नाही, मला ठाऊक नाही होय?

"घरवाळाने तो पहेला पूछवानुं," ती म्हणाली. घरच्यांना तर आधी विचारायचं म्हणे. आवाज मुळीच चढवला नाही. त्यानेच जास्त लागलं.

योगिता गादीवर बसून आमच्या दोघींकडे बघत होती.

११ जून

घोकलेलं सगळं विसरले. शंभर म्हणजे हंड्रेड, हे एकाच व्यायामाचं नाव तेवढं डोक्यात राहिलंय.

१४ जून, शनिवार

घरी सराव केला. योगिताला पलंगावर बसवलं. मी उभी, हात पाठीमागे. पण सुनेला असं पाहुण्यासारखं विचारायचं म्हणजे हसू येतं आणि लाजही वाटते. "कुठे दुखतं का? नाही. ऑपरेशन? छे, कुठलं! दिवस? अजून तरी नाहीत, देव करो होवोत." प्रश्न मीच विचारले, उत्तरंही मीच दिली.

योगिता म्हणाली, "झालं आई?" आणि कपडे वाळत घालायला गेली.

लाल स्प्रिंगेवर ती कण्हते हल्ली. परीक्षेत कण्हली तर माझे गुण जातील. अशी कशी गं मी? आधी गुणांचा विचार आला, मग तिचा.

१७ जून

चंचलबेनला सांगितलं, सुनेला पोटात ओढ बसते. म्हणाली, "मुझे मत बताओ, माशी. उसको पूछो." विचारलं. तर म्हणाली, "काही नाही आई." काही नाही म्हणताना खाली बघत होती.

माझ्यावर राग आहे का हिचा? परीक्षेला ऐनवेळी नाही म्हणाली तर?

२१ जून, शनिवार

नाही म्हणाली नाही! उलट स्वतःहून आली. मी तांदूळ निवडत होते, शेजारी बसली, सुपातले दोन खडे काढले. मग म्हणाली, "आई, उद्या ते सगळे प्रश्न विचाराल ना?"

"विचारणार तर! नाहीतर नापास."

"एकही गाळू नका. आणि उत्तर मला देऊ द्या."

गुणाची पोर माझी. स्वतःचं अंग आंबलेलं असताना सासूच्या परीक्षेची काळजी! डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, नाही गं गाळत.

२२ जून, रविवार

हात पाठीमागे. परीक्षक बाई कोपऱ्यात. विचारलं, "वर्षभरात काही ऑपरेशन?" आणि थांबले.

योगिताने माझ्याकडे सरळ पाहिलं. "झालंय. आखाजीला, माहेरी. मूल होणं बंद करायचं. घरी ह्यांना माहीत आहे."

मी विचारलं, "दुखतं?"

"लाल स्प्रिंगेला."

लाल काढून ठेवली. पिवळी लावली. म्हटलं, "श्वास घे, योगिता. दुखलं की सांग, मी थांबवते."