टॅक्सीत बसवलेला टेप

सातारा, मे १९९४
रविवार, संध्याकाळ

पाठ पार मोडून आलीय. सकाळपासून टॅक्सीत टेप बसवत होतो. दोनदा वायर चुकली. हॉर्न बंद पडला, तो अजून बंदच. पण करणार काय? घरातला टेप बिघडलाय, आणि धाकट्यानं पलटणीतून पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवलीय. आठ दिवस आई ती कॅसेट घेऊन फिरत होती.

शेवटी एकदाचा आवाज आला. "आये, जेवलीस का गं?"

पुढच्या सीटवर बसलेली आई टेपकडं बघत म्हणाली, "व्हय रं बाळा, आत्ताच जेवले."

मी गाडीतून उतरलो.

आता ती तिसऱ्यांदा ऐकतेय. बॅटरी उतरत असणार. उद्या महाबळेश्वरचं भाडं आहे. उठून बंद करावा का?

नको. सकाळी गाडी ढकलून चालू करीन.