भिंतीला शोभतील असे आजोबा

४ जानेवारी, सकाळ
नव्या घरात येऊन बरेच दिवस झाले, भिंती अजून बोडक्या. बायको म्हणते, आधी गिझरचं बघ. मी म्हटलं, गिझर अंग गरम करतो, चित्र मन. तिने ऐकून घेतलं आणि गार पाण्याने आंघोळ करून कामावर गेली. ती फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांचे गुडघे वाकवते. चित्रकलेशी तिचा संबंध यायचं कारण नाही. माझा आहे. शाळेत माझं एक निसर्गचित्र मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर लागलं होतं. तिथला पोपडा निघाला होता म्हणून लावलं, असं काही जण म्हणत. लागलं होतं, हे महत्त्वाचं.

संकल्प: महिनाअखेर प्रत्येक खोलीला एक चित्र. दिसलं ते टांगलं, असं करायचं नाही. आधी खोलीचा स्वभाव ओळखायचा.

५ जानेवारी
खोल्यांचा अभ्यास. प्रत्येक खोलीत डोळे मिटून उभा राहिलो.
हॉल: उत्साही, पण आत्मविश्वास कमी.
बेडरूम: दमलेली.
स्वयंपाकघर: तापट.
जेवणाच्या टेबलाचा कोपरा: पोरका.
लेकीच्या खोलीत डोळे मिटले तेव्हा तिने विचारलं, बाबा, चक्कर येतेय का. स्वभाव कळायच्या आत दार लागलं.

९ जानेवारी
हॉलसाठी मॉडर्न आर्ट आणलं. भरपूर राखाडी, मध्ये एक तपकिरी हालचाल. लिफ्टमध्ये मावलं नाही. मी लिफ्टच्या देखभालीच्या कंपनीत आहे, तक्रारींचे फोन घेतो, तेव्हा लिफ्टला दोष देणार नाही. जिन्याने वर आणलं. वळणावर एक कोपरा दुमडला. त्यामुळे उलट चित्राला खोली आली.

१० जानेवारी
गिझरसाठी इलेक्ट्रिशियन आला. हॉलमधल्या चित्राकडे बघून म्हणाला, आधी प्लंबरला बोलवा, भिंतीत ओल उतरलीये. मी समजावून सांगितलं. त्याने मान डोलावली, आणि जाता जाता बोट लावून बघितलं.

बायकोला त्यात कंबरेची सरकलेली चकती दिसते. तिचं म्हणणं, अशा पेशंटला ती ताबडतोब झोपवेल.

१४ जानेवारी
हॉलमधलं चित्र आपण कधीच उलटं टांगलंय आणि बाबांना पत्ताही नाही, असं लेक आज मैत्रिणीला फोनवर सांगत होती. पत्ता होता. मी दुसरी बाजू तपासत होतो.

बेडरूमला धबधबा लावला. दमलेल्या खोलीला पाणी.

१६ जानेवारी
धबधबा पॅसेजमध्ये हलवला. बायको म्हणते, तो बघितला की उठावंसं वाटतं आणि पॅसेज ओलांडून जावं लागतं. म्हणजे चित्राचा परिणाम झाला. जागा चुकली, एवढंच.

स्वयंपाकघरात फळांची परडी लावली. लेकीने विचारलं, चित्रात आहेत ती फ्रीजमध्ये का नाहीत. कला आणि फ्रीज यांची गल्लत.

२१ जानेवारी
आजचा दिवस लक्षात राहील. बाजारामागच्या जुन्या सामानाच्या दुकानात टेबलाच्या कोपऱ्यासाठी चित्र मिळालं. तैलचित्र. एक वयस्क गृहस्थ. झुपकेदार मिशा, बंद गळ्याचा कोट, घट्ट मिटलेले ओठ. मागे नुसता अंधार. काय ती जरब! त्या ओठांकडे बघूनच कळतं, या माणसाने आयुष्यात माघार घेतलेली नाही. दुकानदाराला विचारलं, कोण हे. तो म्हणाला, फ्रेम अस्सल लाकडाची आहे.

घरी बायकोने विचारलं, कोण हे.
मी म्हटलं, फ्रेम अस्सल लाकडाची आहे.

२३ जानेवारी
गिझर पुन्हा बंद. इलेक्ट्रिशियन शिडीवर चढला होता, मी शिडी धरून. त्याने टेबलाकडे बघत विचारलं, तुमचे आजोबा का? शिडी धरलेला माणूस लांबलचक उत्तर देऊ शकत नाही. मी 'हं' म्हटलं. 'हं' म्हणजे 'हो' नव्हे.

तो म्हणाला, वाटलंच. नाक तेच आहे.

दिवस फार चांगला गेला. दुपारी लिफ्टमध्ये अडकलेल्या एका गृहस्थांना फोनवर 'घाबरू नका' असं म्हटलं, तर त्यांनीच माझी माफी मागितली. आवाजात काहीतरी आलंय.

२५ जानेवारी
आरशात बघितलं. बाजूने बघितलं तर नाक खरंच तेच.

मिशी वाढवायची. चित्र नुसतं लावून होत नाही, अंगी उतरावं लागतं.

२ फेब्रुवारी
ऑफिसची मंडळी चहाला. पोरक्या कोपऱ्यात आता रुबाब आलाय. सगळे तिथेच उभे. मी चित्राबद्दल एक अक्षर बोललो नाही. फक्त चित्राखाली उभा राहिलो, बाजूने. तेव्हा स्टोअरकीपर म्हणाला, घराण्यातले दिसतात. मी म्हटलं, थोरले आजोबा. आजोबांचे मोठे भाऊ. (सख्खे आजोबा म्हटलं असतं तर खोटं झालं असतं.)

काय करायचे, असं कुणीतरी विचारलं. त्या ओठांना शोभेल असं काम हवं. मी म्हटलं, पूल बांधायचे. कुठला पूल? मी म्हटलं, वाहून गेला.

मंडळी हळहळली. पुढचा चहा सगळ्यांनी हळू आवाजात घेतला.

ते गेल्यावर बायकोने कपबशा गोळा करता करता विचारलं, ऑफिसच्या मासिक बैठकीला थोरल्यांनाही नेणार का. टोमणा होता. दुर्लक्ष केलं.

८ फेब्रुवारी
ताई न सांगता आली. माझी थोरली बहीण. घराण्यातलं सगळं तिला तोंडपाठ, हीच तिची अडचण. दार उघडेपर्यंत थोरल्यांना कपाटामागे सरकवलं. ताईने मोकळ्या खिळ्याला पर्स अडकवली आणि म्हणाली, ही सोय बाकी छान केलीस.

मग लेकीने गोड आवाजात विचारलं, आत्या, माझ्या पणजोबांना मोठा भाऊ होता का गं?

ताई म्हणाली, कुठला भाऊ, एकुलते एक. सायकली दुरुस्त करायचे. फोटो काढायचा म्हटलं की मागच्या दाराने पळायचे. एकही फोटो नाही त्यांचा. मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, तुझ्या ओठावर काय लागलंय?

ती गेल्यावर विचार केला. ज्यांचा फोटोच नाही, ते भिंतीला काय उपयोगाचे? प्रेमाचा प्रश्न नाही. हा सजावटीचा प्रश्न आहे.

१३ फेब्रुवारी
उद्या बायकोच्या मोठ्या डॉक्टरीणबाई जेवायला येणार. बायकोला विभागप्रमुख करायचं की नाही ते त्यांच्या हातात. बायकोने सकाळी स्पष्ट सांगितलं: "हे बघ, जेवण झाकून ठेवलंय तसं तुझं तोंडही. बाईंसमोर पूल नको."

वचन दिलं. मला स्वतःला मिरवायची हौस नाहीच.

१४ फेब्रुवारी
पूल मी काढला नाही. बाईंनीच विचारलं, हे कोण. पाहुण्यांना उत्तर न देणं कुठल्या संस्कारात बसतं?

शिवाय आज चित्रावरचा प्रकाश फार सुरेख पडला होता. ओघात पूर आला. थोरले आजोबा कंबरभर पाण्यात उभे राहिले, सगळे मजूर पलीकडे जाईपर्यंत हलले नाहीत. त्यात पाय जायबंदी झाला. नंतर त्याच पायाने पुन्हा चालायला शिकले. हा पाय मी आधी ठरवला नव्हता. बाई हाडांच्या डॉक्टर आहेत म्हणून आला.

बाईंच्या डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पेशंट धीर सोडतात, तुम्ही येऊन त्यांना हेच सांगाल का? येताना चित्रही आणा.

मी क्षणभर विचार केला. म्हणजे त्यांना वाटावं म्हणून.

बायकोने त्यांना भाजी दुसऱ्यांदा वाढली. मला वाढली नाही.

१७ फेब्रुवारी
भाषणाची तयारी. बायको म्हणते, अजून वेळ गेलेली नाही, ताप आला म्हणून सांगते. मी म्हटलं, पेशंटांचं भलं होणार आहे, त्यात माझा काय स्वार्थ? थोरले आजोबा नसते तर मी कोण असतो? यावर ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. पटलं असावं.

मिशी आता लांबूनही दिसते.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळ
दवाखान्यातल्या व्यायामाच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या. वॉकर, काठ्या, पट्ट्या बांधलेले गुडघे. डॉक्टरीणबाई पहिल्या रांगेत. बायको मागे, दाराजवळ. चित्र टेबलावर उभं केलं, वर कापड.

सुरुवात उत्तम झाली. मागचा अंधार म्हणजे काळाचा अंधार, हे समजावलं. मिटलेल्या ओठांतला निर्धार समजावला. पुरापर्यंत आलो आणि कापड ओढलं.

दुसऱ्या रांगेतल्या एक काकू वॉकर धरून उठल्या. आयुष्यभर नर्स होत्या, आता बायकोच्याच पेशंट. मला वाटलं, भारावल्या.

त्या म्हणाल्या, "हे माझे बाबा आहेत."

मी काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हटलं, शक्य आहे.

काकूंचा आवाज चढला नाही. त्यांनी लोकांना सांगितलं की त्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होत्या तेव्हा भाच्याने घराला रंग काढला, आणि अडगळीबरोबर बाबांचं चित्रही जुन्या सामानाच्या दुकानात गेलं. भाचा तिथे कितीदा तरी जाऊन आला. दुकानदाराला एवढंच आठवत होतं की कुणीतरी फ्रेम बघून नेलं. हे सांगता सांगता त्या टेबलापर्यंत आल्या होत्या. वॉकर मागेच राहिला होता. डॉक्टरीणबाई अर्ध्या उठल्या, पण बायको त्यांच्या आधी पोचली आणि तिने काकूंना धरलं.

मी म्हटलं, नातं कुठूनतरी निघू शकतं.

पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी कानातलं मशीन काढून खिशात ठेवलं.

घरी येताना मी बायकोला दाखवून दिलं की काकू आज वॉकरशिवाय चालल्या, म्हणजे कार्यक्रमाचा हेतू साध्य झाला. ती एवढंच म्हणाली, "बाईंना उद्या काय सांगू, ते तूच सांग."

सुचलं नाही. उद्या सुचेल.

२२ फेब्रुवारी
सुचलं नाही.

बायको न बोलता कामावर. लेकही चिडवत नाही. हे जास्त वाईट.

मिशी काढली. उन्हाळा जवळ आलाय.

दुपारी डॉक्टरीणबाईंना फोन केला. सांगितलं की पूल नव्हता, पूर नव्हता, पाय नव्हता, थोरले आजोबाही नव्हते, आणि बायकोने मला बजावलं होतं. तक्रारींचे फोन रोज घेतो, पण करायची वेळ पहिल्यांदा आली, तीही स्वतःचीच. बाई म्हणाल्या, तुमच्या मिसेसनी सकाळीच सगळं सांगितलंय. आणि त्यांनी काकूंना ज्या शिताफीने धरलं ते मी पाहिलंय. तुमचा त्याच्याशी संबंध नाही.

म्हणजे बायकोची विभागप्रमुखपदाची संधी शाबूत. या शेवटच्या वाक्यात मला थोडं कौतुकही जाणवलं. बायको म्हणते, नव्हतं.

२६ फेब्रुवारी
काकूंचा निरोप: चित्र घरी आणलंय, लावायला माणूस पाठवा. बायको म्हणाली, तूच जा.

टेप घेतला, लेव्हल घेतली. चूक भरून काढायची तर नीट. त्यांच्या खोलीचा स्वभाव ओळखून योग्य भिंत सुचवायची, असं ठरवूनच गेलो. खोलीला अजून ताज्या रंगाचा वास. काकू खुर्चीत, पाय स्टुलावर. मी डोळे मिटून उभा राहिलो. त्या म्हणाल्या, समोर ठोका, खिळ्याची जुनी खूण रंगाखाली दिसेल. मी म्हटलं, तिथे उजेड कमी आहे, शिवाय चित्र नजरेच्या रेषेत हवं. त्या म्हणाल्या, माझी नजर खुर्चीत आहे.

ठोकला.

मग माफी मागितली. तयारी करून गेलो होतो, त्यातलं अर्धंच बाहेर आलं. काकूंनी हाताने थांबवलं. म्हणाल्या, बाबा सिनेमाच्या थिएटरात टॉर्च घेऊन लोकांना जागा दाखवायचे. तिथली पोस्टरं रंगवणारा त्यांचा मित्र, त्याने हे काढलं. मागचा अंधार म्हणजे थिएटर. कोट मॅनेजरचा, मागून आणलेला. आणि ओठ असे का, तर कवळी नवीन होती, तोंड उघडलं की पडायची. घरी फार बडबडे. पाण्याला मात्र घाबरायचे, डबक्यालासुद्धा वळसा घालून जायचे.

मी खाली बघत होतो. त्या म्हणाल्या, "तुमचा मला राग आलाच. पण खरं सांगू? बाबांबद्दल एवढ्या लोकांसमोर उभं राहून कधी कुणी एवढं चांगलं बोललं नव्हतं."

मला एकदम हुरूप आला. म्हणजे भाषण अगदीच वाया गेलं नव्हतं. मी चित्रासमोर उभा राहिलो आणि सांगायला लागलो, की टॉर्चचा तो प्रकाश चेहऱ्याच्या उजव्या बाजूला कसा उतरलाय, आणि या दृष्टीने बघितलं तर ही भिंत मीही सुचवलीच असती.

काकू म्हणाल्या, "जरा बाजूला व्हा. मला ते दिसत नाहीयेत."

झालो.