गुलकंदाचा अपवाद

८ जानेवारी
आजपासून रूपलच्या गोळ्या बंद. निर्णय माझा, पूर्ण विचारांती. पालघरच्या डॉक्टरांनी दोन वर्षांत एकदाही विचारलं नाही की मुलगी जेवते काय. स्किझोफ्रेनिया म्हणाले, गोळी लिहिली, पुढचा पेशंट. मेंदू अन्नावर चालतो, हे मला कॉलेजात न जाता कळलं. बोईसरच्या कंपनीच्या लॅबमध्ये बी.एस्सी. पोरांना पिपेट धरायला मीच शिकवतो.
गहू, मैदा, साखर, दूध बंद. नाचणी, मूग, पालेभाज्या. बी-थ्री व्हिटॅमिनची पावडर ताकात, डिजिटल काट्यावर मोजून. रूपलला सांगायचं नाही. शास्त्रात याला ब्लाइंड ट्रायल म्हणतात.

१९ जानेवारी
जेवल्यावर रूपलचा चेहरा, मान, कान लालभडक. म्हणाली, बाबा, आत कोणी चूल पेटवली? तासभर ओला टॉवेल धरून बसली होती. हा बी-थ्रीचा फ्लश. उत्तम लक्षण.
वत्सलाताईला ते पटलं नाही. म्हणे, पोरीला भाजतो काय रे कृष्णा? काय घालतो ताकात? माझी बायको जयवंती गेल्यापासून ताई पालघरजवळच्या माहीमची पानवेल सोडून आमच्याकडे राहते, त्याबद्दल आदर आहे. पण ती सातवी पास. तिला ‘जिरं’ म्हणून सांगितलं.

११ फेब्रुवारी
सिद्ध झालं. रूपल रात्रभर झोपते. एक्झॉस्ट फॅनमधल्या माणसांशी बोलणं बंद. काल स्वतःहून कपडे वाळत घातले, मला म्हणाली, तुमचा शर्ट उसवलाय. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या शर्टाकडे बघितलं तिने.
कंपनीत रामकिसनला सविस्तर सांगितलं. म्हणाला, साहब, बोर्ड लगा दो घर पे. त्याचा विनोद असेल, माझा विचार गंभीर आहे. छोटी पुस्तिका काढावी. नाव: ‘ताटातला डॉक्टर’.

२ मार्च
पुस्तिकेसाठी सगळा आहार पुन्हा तपासला. एकच अपवाद निघाला, ताईचा विडा. रात्री जेवण झालं की ताई पान लावते आणि रूपल उंबऱ्यात वाट बघत बसते. गुलकंद म्हणजे निव्वळ साखर. माझ्या प्रयोगात ही साखर राहिलीच कशी?
विडा बंद.
ताई भांडली. बाकी काय ते बंद कर, विडा नको तोडू, त्यानंच पोर सावरली हाय. अंधश्रद्धा. रूपल म्हणाली, बाबा, एकच देऊ द्या ना. म्हणजे व्यसनच. पानाचा डबा कंपनीच्या लॉकरमध्ये ठेवला. ताईला माहीमला सोडून आलो.

१२ मार्च
रूपल झोपत नाही. शरीर शुद्ध होताना जुना आजार उसळी घेतो, वाचलेलं आहे. बी-थ्रीची मात्रा वाढवली.

१९ मार्च
फॅनच्या भोकात वर्तमानपत्र कोंबलंय तिने. ताक पीत नाही. म्हणते, तुम्ही त्यात काहीतरी घालता. वास घेते, माझ्याकडे बघते, पेला सिंकमध्ये ओतते. पावडर चटणीत हलवली. धीर सोडायचा नाही. पुस्तिकेचं कव्हर हिरवं असावं.

२३ मार्च
सकाळी दार उघडं, रूपल नाही.
दुपारी सातपाटीहून फोन. मासळी सुकवणाऱ्या ठकीबाईंनी तिला जेट्टीच्या पायरीवरून ओढून घेतलं. कमरेपर्यंत भिजलेली. पाणी दिलं तर पीत नव्हती. ठकीबाई म्हणाल्या, आमी आदी पिऊन दाकवला, मंगच प्यायली. बाप कुटं व्हता?
ॲडमिट केलं. ताई माहीमहून आली, कॉरिडॉरमध्येच बोलली. गोळी विड्यात होती. डॉक्टरांचीच, पालघरहून ती आणायची. म्हणाली, ही युक्ती माझी नाय. पोरीची. तीच म्हणाली, आत्ते, गोळी घेतली की बरं वाटतं, पण बाबांना कळू नको देऊ, त्यांना वाईट वाटेल.
मी ताईला म्हटलं, मग मला सांगायचं. ती म्हणाली, तुला? कोण सांगणार?

२७ मार्च
तरुण डॉक्टर आले. रूपलने सांगितलेलं वाचून दाखवत होते: फॅनमध्ये माणसं आहेत. शेजारी विचार चोरतात. वडील जेवणात पावडर घालतात. तिन्ही ‘भ्रम’ या मथळ्याखाली.
गप्प राहता आलं असतं. म्हटलं, तिसरा भ्रम नाही.
किती घालत होता, त्यांनी विचारलं. मिलिग्रॅममध्ये सांगितलं. त्यांनी ती ओळ खोडली. बाकीच्या दोन राहिल्या.
संध्याकाळी नर्सने गोळी दिली. इथे लपवायचं काहीच कारण नव्हतं. तरी रूपलने ताईकडून पान मागून घेतलं, गोळी त्यात ठेवली, नीट घडी घातली. मग माझ्याकडे पाठ केली आणि खाल्ली.