तीन तबकं, एक सुराही आणि बनियनवरचा मी

नांदेड, जुन्या गावातली वरची माडी
सोमवार (बहुतेक)

ती. सिंधुआत्या,

तुझा भाचा सत्यम याचा दोन्ही गुडघे टेकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावून उन्हात बसतेस, की नुसतंच तेल लावून पुनमवर ओरडतेस? म्हशीची तब्येत विचारत नाही, कारण तिची काळजी तू आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त घेतेस. मी सुखरूप आहे. दोन वेळा जेवून राहिलो, अन् तिसऱ्यांदा बसलो तरी इथं कुणी न्हाई म्हणत न्हाई. पत्र पुनमकडून वाचून घे. (पुनम, कंसातलं मोठ्यानं वाचू नको.) फोन का करत नाही म्हणशील, तर माझा फोन सध्या तांदळाच्या डब्यात आहे. पाण्यात पडला म्हणून नव्हे, माझ्या हातात पडू नये म्हणून. कसं ते सांगतो, पण थोडं लांबून सांगावं लागेल.

मी हदगावला कापसाच्या जिनिंगच्या कामाला निघालो होतो हे अगदी खरं. नांदेडला गाडी बदलायची होती. स्टँडसमोर चहा घेतला, अन् त्या चहाच्या गिलासातून ऊन असं आरपार आलं की मी फोन काढला आणि फोटोसाठी फरशीवर आडवा झालो. हदगावची गाडी माझ्या तंगड्यांना वळसा घालून निघून गेली. (कंडक्टर काय बोलला ते कंसातही लिहिण्यासारखं नाही.) डोकं वर केलं तर पांढऱ्या दाढीचे एक म्हातारबाबा उभे. म्हणाले, "चहाच्या गिलासाचा फोटो काढणारा माणूस रिकामा असतो, अन् मला रिकामाच माणूस पाहिजे." हे निजामोद्दीन चाचा. मी बॅग उचलली आणि त्यांच्या मागं निघालो. ज्यानं मला इतक्या लवकर ओळखलं त्याला नाराज कसं करायचं?

चाचांच्या वडिलांचं लग्नकार्याला हंड्या, झुंबरं अन् काचेची भांडी भाड्यानं द्यायचं दुकान होतं. दुकान कधीच बंद झालं, कपाटभर काच मागं राहिली. आता चाचा आणि त्यांच्या बेगम, कमरुन्निसा खाला, ही माडी रिकामी करून महिनाअखेर दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जाणार. तिथं लिफ्ट आहे, पण कपाटाला जागा नाही. म्हणजे काच तीन लेकरांकडं जायची. थोरले अजहरभाई इथंच, नदीपलीकडच्या नव्या वस्तीत. मधले फरहानभाई हैदराबादला. धाकट्या उजमाबाजी लातूरला दिलेल्या. तिघांचं वाकडं काही नाही आत्या, फक्त सवड नाही. एक येतो तेव्हा दुसरा नसतो. चाचांचा बेत सरळ होता, की फोटो घरच्या ग्रुपवर टाकायचे आणि ज्याला जे हवं ते त्यानं सांगायचं. खाला एवढंच बोलल्या, "घर खाली होने के पहले एक बार तीनों इकट्ठे बैठते तो..." अन् वाक्य अर्धंच ठेवून मेथी निवडायला लागल्या.

आता काचेचा फोटो काढणं म्हणजे काय ते तुला सांगतो, कारण तुला वाटेल बटण दाबलं की झालं. काच लई लबाड असते. समोरून उजेड दिला की ती गायब होते आणि मागची भिंत तेवढी दिसते. उजेड मागून द्यावा लागतो. मी खिडकीला पातळ पांढरा कागद चिकटवला, काच राखेनं घासली, सुक्या फडक्यानं पुसली, तरी फोटोत माझ्या बोटांचे ठसे असे आले की पोलिसांना उपयोगी पडावेत. अन् मांडणी! मी फोनवर एका माणसाचा धडा बघितला होता (अर्धाच, मग मध्ये कोंबड्यांच्या झुंजीचा व्हिडिओ आला). तो म्हणत होता की वस्तू कधी जोडीनं मांडू नये, तीन मांडाव्यात. मोठी मागं, लहान पुढं, त्रिकोण दिसला पाहिजे. अन् सगळ्यात भारी फोटो कोणता, तर ज्यात वस्तू कोपऱ्यात असते आणि बाकी नुसती मोकळी जागा.

चाचांनी एकेक वस्तूचा वेगळा फोटो सांगितला होता. पण एकेकटा गिलास आधार कार्डावरच्या फोटोसारखा दिसायला लागला. मग मी मांडणीच्या मागं लागलो. खाला बघत होत्या. त्यांनी आतून तीन पितळी तबकं आणि लाल मखमल आणून दिली, "इसपे रख बेटा." पहिल्या तबकात हिरवी सुराही, पुढं दोन पेले. (सुराहीचं झाकण काढलं, त्रिकोण मोडत होता.) दुसऱ्यात सोनेरी काठाचे सरबताचे गिलास तिरपी रांग करून, शेवटी गुलाबदाणी, ती मुद्दाम धूसर. अन् तिसऱ्यात अत्तराची एवढीशी कुपी, डाव्या कोपऱ्यात, बाकी सगळं तबक रिकामं, त्यावर नुसतं ऊन. आत्या, माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो. तिन्ही फोटो चाचांच्या फोनवर घेऊन घरच्या ग्रुपवर टाकले आणि मी शाबासकीची वाट बघत बसलो.

मला काय ठाऊक की या घराण्यात हिस्सा तोंडानं सांगत नाहीत! चाचांच्या वडिलांनी चाचांना अन् त्यांच्या दोन भावांना वाटणी केली तेव्हा एक शब्द बोलले नव्हते. मखमल टाकून तीन तबकं मांडली, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत ओळीनं, ज्यानं त्यानं समजून घ्यायचं. हे तिन्ही लेकरांनी लहानपणापासून ऐकलेलं. अन् मी तीन तबकं, लाल मखमल, ओळीनं!

पहिले अजहरभाई: "अब्बा, सुराहीका ढक्कन किसको दिया?" मग फरहानभाई: "मेरे में पीछे वो धुंदला क्या है? मेरा है के नहीं है?" अन् उजमाबाजींचं एवढंच आलं: "शुक्रिया अब्बा." मी खूश! म्हटलं, कला एकीला तरी कळली. चाचांचा चेहरा मात्र कुपीएवढा झाला. "उजमा शुक्रिया बोलती नई रे. ये गुस्सा है." लेकीच्या वाट्याला एक कुपी अन् एक तबकभर मोकळी जागा!

मी म्हटलं थांबा, दुरुस्त करतो. (पुनम, इथं हसू नको.) सगळी काच एकाच तबकात गोळा केली आणि घाईघाईत चौथा फोटो टाकला. त्याचा अर्थ असा निघाला की अब्बांनी रागावून सगळं एकालाच दिलं. कुणाला, यावर ग्रुप पेटला. त्यात फरहानभाईंनी फोटो मोठा करून बघितला. सुराहीच्या पोटात, तोंड वेडंवाकडं झालेला, बनियनवर, मीच! काचेनं मला पकडलं होतं. ते लिहितात, "अब्बा, सुराही में एक आदमी है. ये किसके हिस्से में आया?"

दुसऱ्या दिवशी सकाळी उजमाबाजी नवऱ्याला घेऊन लातूरहून हजर. जिन्यातूनच आवाज, "किधर है वो फोटोवाला?" मी गच्चीवर. अजहरभाई नदी ओलांडून आले. फरहानभाईंनी रात्रीची गाडी धरली. आल्या आल्या पहिलं काम म्हणजे माझा फोन तांदळात गेला. मग चाचांना मध्ये बसवून तिघं जे भांडले, आत्या, आपल्या बांधावरची भांडणं त्यापुढं भजनं वाटावीत. मी गच्चीवरून खाली येऊन कबूल केलं की अर्थ काही नव्हता, नुसता त्रिकोण होता. उजमाबाजी म्हणाल्या, "त्रिकोणात मी कुठाय?" अजहरभाईंना हसू फुटलं आणि सगळा मामला बिघडला. आता भांडण उलट्या बाजूनं सुरू आहे. सुराही तू घे, नको, माझ्याकडं दोन लेकरं आहेत, एका दिवसात फोडतील. गुलाबदाणी तू ने, नको, तुझ्या लग्नात तीच होती. मध्येच कुणीतरी जुनं काही काढतं, तिघं लोळून हसतात, परत भांडतात. कुणी उठायचं नाव घेईना. मध्ये अंथरलेल्या दस्तरखानावर खाणं चालूच आहे.

काल मी खालाला म्हणालो की माझ्या मांडणीनं घराचा तमाशा झाला, मी जातो. त्या पोळ्या लाटत होत्या. म्हणाल्या, "खाली बैठ. तबक मैं दी थी ना? मेरे कू मालूम नई था क्या तीन तबकका मतलब?" अन् मला गरम पोळी दिली. आत्या, खरी मांडणी त्यांची. मी नुसतं बटण दाबलं.

हे पत्र उजमाबाजींच्या मालकांजवळ देतो. ते एकटेच लातूरला परत चाललेत, वाटेत आपलं गाव लागतं; बाजी थांबल्या. वडीलधाऱ्यांना नमस्कार, बाकी सगळ्यांना जे पाहिजे ते.

तुझा,
सत्यम

ता. क. हदगावचं काम सुटलं, हे बाबांना तूच तुझ्या पद्धतीनं सांग. म्हणजे म्हशीचं दूध काढताना, ते पळू शकणार नाहीत तेव्हा.

ता. क. आणखी एक. भांडण आता मिटत चाललंय. फरहानभाई तिकिटाचं बोलायला लागले, अन् खालाचा चेहरा उतरला. खालाचं म्हणणं, ग्रुपवर अशी एक वस्तू टाकायची जी तिघांनी कधी बघितलीच नाही. "ये कहाँ से निकला? दादाअब्बाने किसको दिया था?" यावर आठवडा सहज निघेल. तुझ्या माळ्यावर हिरवट काचेच्या दोन जुन्या बरण्या आहेत ना? त्या पाहिजेत. खालाचा फोन आहे, मांडणी मी करतो.

ता. क. शेवटचं. बरण्या पार्सलनं पाठवू नको, फुटतील. कुणीतरी मांडीवर घेऊन यायला पाहिजे. पुनमची परीक्षा आहे, बाबा शेत सोडत नाहीत. म्हणजे तूच उरतेस. अन् बरण्या सापडल्या न्हाईत तर माळ्यावर शोधत बसू नको. नुसती ये.