तपासणीची डबी

७ जानेवारी २००३, मंगळवार
पुन्हा अंगावरचा गाऊन घामानं भिजला. सहावा महिना लागला तरी वजन जागचं हलत नाही. दवाखान्यातल्या बाईंनी काटा दोनदा बघितला. "खोकला किती दिवस?" तीन आठवडे म्हटलं. पाच झालेत! "घरात कोणाला टीबी?" सासूबाई शेजारीच बसलेल्या. मी ठामपणे नाही म्हटलं.

खोटारडी मेली! चिपळूणला बाबांचं वर्षभर मीच केलं, अगदी त्यांचे बेडके टाकण्यापर्यंत. लग्न जमवताना यांच्याकडे सांगितलं, दम्यानं गेले. आता कुठल्या तोंडानं खरं बोलू?

८ जानेवारी
एक्स-रे सध्या नको, आधी बेडका तपासू म्हणाल्या. प्लास्टिकची डबी दिलीय, वर माझं नाव. "सकाळी उठल्याबरोबर चूळ भरून खोल खोका. नुसती लाळ आणू नका."

चिपळूणला शेजारच्या बाळंतिणीला टीबी निघाला, तेव्हा तिच्या सासूनं चौथ्या दिवशी बाळ उचलून नेलं. दूध दाटून तिची छाती दगड झालेली. दारात बसून रडायची.

माझं नाही नेऊ देणार! कोणालाच नाही.

९ जानेवारी
केलं. देवा, काय करून बसले मी!

डबी हातात धरून मोरीत उभी होते, धीरच होईना. तेवढ्यात पिंकी दात घासायला आली. माझी चुलत नणंद. शिवणाच्या क्लाससाठी महिन्यापूर्वी निर्मळहून इथे गोखिवऱ्याला आमच्याकडे राहायला आलीय. धडधाकट पोरगी, सायकल दामटत सगळीकडे हिंडते. म्हटलं, हिच्या बेडक्यात काय सापडणार आहे?

"पिंके, यात खोकून टाक."
"मी? मी कशाला?"
"घरातल्या एकाचा लागतोच, नियम आहे." ठोकून दिलं!
"वहिनी, तुमचं आपलं काहीतरीच!" हसली, पण खोकली. चांगला घट्ट पडला. मी झाकण लावून टाकलं.

डबी सासूबाईंनीच नेऊन दिली. "तू नको गं एवढं चालूस."

१० जानेवारी
खोकतेय. तोंडात पदर कोंबून.

११ जानेवारी
सासूबाईंनी वाडीतलं केळफूल आणून भाजी केली. "खा बाय, अंगात रक्त नाही तुझ्या." ताटावरच रडू आलं. त्यांना वाटलं तिखट लागलं.

बाळ आज खूप हललं. रिपोर्ट चांगला येईल, पण माझा खोकला थोडाच जाणार आहे? माझ्यापायी यालाच काही झालं तर? फार भीती वाटतेय. स्वतःचीच.

१३ जानेवारी, सोमवार
बाईंनी आत एकटीलाच घेतलं. "घाबरू नका. गरोदरपणातही गोळ्या चालतात. बाळ तुमच्यापाशीच राहील, तोंडाला रुमाल बांधून दूधसुद्धा पाजाल." एवढंच आधी विचारायला काय झालं होतं मला!

मग कागद पुढे केला. पॉझिटिव्ह.

तिथेच सगळं सांगून टाकलं, बाबांचंसुद्धा. बाईंनी कागदावरचं माझं नाव खोडलं. मग म्हणाल्या, "उद्या दोघी या."

घरी आले. पिंकी मशीनवर ब्लाउज शिवत बसलीय. मधेच खोकते, पुन्हा पाय मारते. महिनाभर एका घरात आहोत — तिचा खोकला मी आज पहिल्यांदा ऐकला.