दहाचा पीळ की आठचा

बाबा, काल दुपारी कागदाला पडलेली पाच भोकं बघून मी असा नाचलो की इथला मेंढ्या वळवणारा कुत्रा घाबरून युटखाली, म्हणजे फार्मवरच्या उघड्या टेम्पोखाली, जाऊन बसला. तेव्हापासून तुम्हाला हे सांगायचं डोक्यात घोळतंय. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. त्यातली शेवटची तीन मी ऑस्ट्रेलियात काढली. आधी शहरात, पेंडल हिलला, चौघांत एक खोली आणि एक अर्धवट सोडलेला कोर्स, मग संत्र्यांची तोडणी, मग द्राक्षं, मध्येच एक बेकरी, तिथला पाव असा काही फुगायचा... राहू दे, ते वेगळंच. कोविडमध्ये सगळं बंद झालं तेव्हा मी या मेंढ्यांच्या फार्मवर होतो, तो इथेच राहिलो. मालकीण साठीची, एकटी, वाऱ्यालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलणारी. माझे कांदेपोहे ती टोमॅटो सॉस घालून खाते. मी बघत नाही तिकडे.

तर भानगड अशी. मेंढ्या व्यायल्या की रानडुकरं येतात आणि नुकती जन्मलेली कोकरं उचलून नेतात. गोळी घालावी तर तो कडाड् आवाज ऐकून नव्या आया उधळतात, आणि पळून गेलेली आई कोकराला परत जवळ घेईलच असं नाही. गेल्या वर्षी डुकरांनी नेली त्याहून जास्त कोकरं अशी आईवाचून गेली, असं बाई सांगते. म्हणून तिनं जड गोळ्या आणल्या, आवाजाच्या वेगापेक्षा हळू जाणाऱ्या. त्यांचा कडाका होत नाही. पण तिच्या जुन्या रायफलमधून त्या कागदावर आडव्या लागायच्या. भोक गोल नाही, कुलपाच्या चावीच्या भोकासारखं लांबट. म्हणजे गोळी वाटेतच कोलमडत होती. "अशा गोळीनं जनावर मरत नाही, नुसतं कण्हत पळतं," ती म्हणाली. "ते मी करणार नाही." नवी नळी बसवायची ठरलं. गावातल्या बंदूकवाल्याकडे दहाच्या पिळाची, म्हणजे दहा इंचात गोळीला एक फेरा देणारी, नळी तयार होती. आठची हवी तर मागवावी लागणार, कोविडमुळे दोन महिने. मेंढ्या व्यायलाही दोनच महिने होते. चुकीची नळी आली तर हा हंगाम गेला.

हे सगळं किचनच्या टेबलावर चाललेलं. नळी साफ करायच्या सळीला तिनं चिंधी घट्ट गुंडाळली, सळीवर नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि ती जुन्या नळीत ढकलू लागली. आतल्या खाचांबरोबर सळी आपोआप वळत जाते. ठिपका पुन्हा वर आला तेव्हा सळी बारा इंच आत गेली होती, म्हणजे जुनी नळी बाराची. आणि बाबा, मी एकदम तुमच्या वर्कशॉपमध्ये उभा आहे. तुम्ही मला दोन बोल्ट देताय, एक जाड आट्यांचा, एक बारीक आट्यांचा. "नट एक फेरा फिरव. किती पुढं गेला? कमी गेला ना? म्हणजे पीळ जास्त. आकड्याला भुलू नको, शहाण्या." मग उरलेल्या पितळी सळीचा तुम्ही लेथवर मला भोवरा करून दिलात, लांबुळका, काकडीसारखा. गल्लीत सगळ्यांचे बुटके लाकडी भोवरे फिरायचे आणि माझा पडायचा. मी रडत आलो तर तुम्ही हसत सुटलात. "लांब आहे तो. त्याला गिरक्या जास्त लागतात. जोरात ओढ की दोरी!"

"दहाच घेते," बाई म्हणाली. "हळू गोळीला हळू पीळ. सोपं आहे, मेट."

"उलटं आहे," मी म्हणालो.

"काय उलटं?"

"गोळी हळू गेली की तिच्या गिरक्याही कमी होतात. आणि जड म्हणजे ही लांब आहे. लांब वस्तूला सरळ राहायला गिरक्या जास्त लागतात. आठ घ्या. आठ इंचात एक फेरा."

"आणि हे तुला कुठल्या युनिव्हर्सिटीत शिकवलं?"

"युनी सोडली मी. बाबा टर्नर होते."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जशी ती बाजारात मेंढ्यांचे दात बघते. "चुकलास तर त्या कोकरांपाशी काठी घेऊन तुलाच उभा करीन. पूर्ण हंगाम." आणि फोन उचलून बंदूकवाल्याला ओरडून सांगितलं, "माझा टर्नर म्हणतोय आठ!" तो पलीकडून बराच वेळ काहीतरी समजावत होता. तिनं पुन्हा एकदा "आठ!" म्हणून फोन ठेवला.

त्या दोन महिन्यांत वरच्या किनाऱ्यावरून एका मित्राचे तीन फोन आले, ब्लूबेरीची तोडणी, समुद्र, चल ये. एरवी पहिल्या फोनला माझी बॅग भरलेली असते. या वेळी भोकं बघितल्याशिवाय पाय निघेना.

नळी मेंढ्या व्यायला लागायच्या आदल्या आठवड्यात आली आणि बसवून व्हायला काल उजाडलं. पन्नास मीटरवर कागद लावला, बाईनं पाच गोळ्या घातल्या. पाचही भोकं गोल, कंपासनं काढल्यासारखी. आणि संध्याकाळी, उजेड होता तोवरच, कुंपणाखालून एक थोराड डुक्कर आलं. मी तिच्या मागे बसलो होतो. जाडजूड वही टेबलावर आपटावी एवढाच आवाज झाला. डुक्कर जागच्या जागी कोसळलं. त्याच्यापासून वीसेक पावलांवर एक मेंढी तासाभरापूर्वीचं कोकरू चाटत होती. तिनं मान वर केली, आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा चाटायला लागली. बाई एवढ्या हळू बोलू शकते हे मला पहिल्यांदाच कळलं. "गुड ऑन यू, टर्नर," ती म्हणाली.

टर्नर तुम्ही होतात, मी नाही, हे तिला मी पुन्हा सांगितलेलं नाही. पण तुम्हाला सांगायचंय ते दुसरंच आहे, आणि हे पत्र कुठं पोचणार नाही म्हणून धीर होतोय. वर्कशॉपमध्ये त्या दुपारी बोल्टनंतर तुम्ही अजून बरंच काही सांगत होतात, चांगला अर्धा तास. मी मान हलवत होतो, हं हं म्हणत होतो. बाबा, मी दाराबाहेर टेम्पोतून उतरणाऱ्या आंब्याच्या पेट्या मोजत होतो.